राब (भाजावळ)

भाताचे रोप ज्या जागेत वाढवायचे, ती जागा पावसाळ्याआधी भाजून काढण्याची कोकणातील व मावळपट्ट्यातील रीत. ठाणे-रायगडकडे राब, रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे भाजावळ म्हणतात. नाचणी-वरीच्या रोपांसाठीही ती करतात. सगळे शेत मात्र कधीच भाजत नाहीत. हेक्टरभर लावणीला साधारण १० गुंठ्यांचे रोप पुरते, तेवढीच जागा भाजायची. ती थोडी उंच, पाणी न तुंबणारी हवी.

तयारी थंडीतच सुरू होते. ऐन, किंजळ अशा झाडांच्या पालेदार फांद्या तोडून वाळवतात. याला कवळ म्हणतात. पुढे पातेरा (झाडाखाली गळलेला वाळका पाला) झाडून गोळा होतो. कवळ आणि गवत मिळावे म्हणून भातशेताबरोबर डोंगरउताराची वरकस (हलकी) जमीन राखली जाई.

रचताना सर्वांत खाली वाळलेले शेण फोडून पसरतात, त्यावर कवळ, मग पातेरा आणि गवत, शेवटी बारीक मातीचा पातळ थर. ही माती म्हणजे राबाचे झाकण. ती कमी पडली तर गवत भडकून क्षणात जळते आणि जमीन कच्ची राहते. जास्त झाली तर आग मध्येच विझते. कवळ एकसारखी पसरली नाही, तर न भाजलेल्या पट्ट्यांत पुढे तणच तण दिसते. एप्रिल-मेमध्ये, वारा मंद असताना पेटवतात, तेही वारा ज्या दिशेला जातो त्या टोकाकडून. मग आग वाऱ्याविरुद्ध हळूहळू सरकते आणि जमीन मुरून भाजते. कडेचे गवत आधी कापून ठेवावेच लागते, शेजारी आंबा-काजूची बाग असेल तर अधिकच. वळिवाने थर भिजला तर नुसता धूर होतो. भाजल्यावर जोराची सर आली तर राख वाहून जाते, म्हणून बांध आधी नीट करतात.

उष्णतेने वरच्या थरातील तणाचे बी मरते आणि चिकट माती भुसभुशीत होते. राखेतून पालाश (पोटॅश) मिळते. शेतकऱ्याला सर्वांत मोलाची गोष्ट लावणीच्या वेळी कळते: रोप मुळे न तुटता सहज उपटून येते. चिकट जमिनीत न भाजलेले रोप काढताना निम्मी मुळे जमिनीतच राहतात.

भाजल्यावर रोहिणी नक्षत्रात कोरड्यातच बी टाकतात (धूळवाफ) किंवा मृगाच्या पहिल्या पावसानंतर हलकी नांगरट करून पेरतात. रोप २१ ते २५ दिवसांत लावणीला येते.

किंमतही मोठी आहे. शेणातील नत्र (नायट्रोजन) जळून जाते, दरवर्षी छाटून झाडे खुरटतात, कवळ वाहण्यात माणसांचे दिवस जातात. म्हणून सुमारे एक मीटर रुंदीचे गादीवाफे (उंच वाफे) करून, भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीप्रमाणे दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मातीत मिसळणे हा चांगला पर्याय आहे. त्यानेही रोप सहज उपटते. तणाचे बी मात्र राखेने मरत नाही. तिथे बेणणी (तण काढणे) चुकत नाही.