हलव्याला काटा येतो तेव्हा

संक्रांतीला चार-पाच दिवस राहिले की इंदूरच्या लोकमान्य नगरात आमच्या आत्याच्या घरी शेगडी पेटते. मंद आचेवर परात, परातीत मूठभर तीळ, शेजारी दूध घालून मळी काढलेला साखरेचा पाक. आत्या चमचाभर पाक तिळांवर सोडते आणि बोटांच्या टोकांनी तीळ फिरवत राहते. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. घरात नव्या सुनेची पहिली संक्रांत असेल तर दागिन्यांसाठी हे काम दोन-तीन दिवस चालते. यंदा मीही परातीशी बसले आणि उतावळेपणाने दोन-तीन चमचे एकदम ओतले.

"अगं, भिजवलेस की सगळे! आता आलेला काटाही जाईल," आत्या म्हणाली. आणि खरेच, तासाभराच्या मेहनतीने आलेले काटे माझ्या डोळ्यांदेखत बोथट झाले.

मी भौतिकशास्त्र शिकवते. स्फटिक, म्हणजे ज्यात अणू-रेणू शिस्तीत रांगेने बसलेले असतात असे घन पदार्थ, कसे वाढतात हे वर्गात फळ्यावर कितीदा तरी मांडले आहे, पण आत्याच्या त्या एका वाक्यात तो धडा जवळजवळ पूर्ण आहे.

२० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात साधारण २०० ग्रॅम साखर विरघळते. उकळीच्या आसपास तेच पाणी पावणेपाचशे ग्रॅमच्या वर साखर पोटात घेते. असा दाट पाक निवू लागला, त्यातले पाणी उडू लागले, की पाण्याच्या अंगात मावेल त्याहून जास्त साखर त्यात राहते. याला अतिसंपृक्त द्रावण म्हणतात. एवढी जादा साखर लगेच बाहेर का पडत नाही? कारण सुरुवात करणे अवघड असते. साखरेचे दहा-वीस रेणू एकत्र आले तरी त्यातले बहुतेक कडेलाच असतात. त्यांना धरून ठेवायला शेजारी कमी पडतात, आणि जमलेला घोळका पुन्हा विरघळून जातो. ठरावीक आकाराच्या पलीकडे गेलेला पुंजका मात्र टिकतो आणि वाढतो. बाहेरचा एखादा पृष्ठभाग आयता मिळाला तर हा पल्ला सोपा होतो. तीळ नेमके तेच काम करतो. पहिला थर बसला की पुढच्या साखरेला साखरेचाच आधार मिळतो.

माझ्या हातून काय बिघडले ते यावरून कळते. पाक फार झाल्यामुळे तो वेळेत आटला नाही. त्यात अजून साखर विरघळवण्याइतके पाणी होते, म्हणून त्याने नवी साखर बसवण्याऐवजी बसलेलीच विरघळवली. पाकात लिंबू पिळतात त्यामागेही साखर बसू न देण्याचाच हेतू असतो. आम्लामुळे साखरेच्या काही रेणूंचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि हे परके रेणू स्फटिकाच्या रांगेत नीट बसत नाहीत.

आता काटे. दाणा फिरताना त्याच्यावर कुठेतरी जरासा उंचवटा येतो. तो उंचवटा ओल्या परातीला आधी लागतो आणि आधी सुकतो. तिथे साखर थोडी जास्त बसते, म्हणून तो आणखी उंच होतो, म्हणून त्याला आणखी पाक मिळतो. खाचा मागे पडत जातात.

जपानमध्ये आपल्या हलव्याची सख्खी बहीण शोभावी अशी मिठाई आहे, कोन्पेइतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती तिथे पोचली. तिच्या काट्यांनी तोराहिको तेरादा (१८७८-१९३५) या भौतिकशास्त्रज्ञाला भुरळ घातली होती. गोल दाण्याला सगळ्या दिशा सारख्याच असताना काटे मोजक्याच जागी का फुटतात, हा प्रश्न त्याने गंभीरपणे घेतला. मला विशेष आवडते ते हे, की याच माणसाने १९१३ मध्ये स्फटिकांतून क्ष-किरण सोडून पडद्यावर उमटणारे ठिपके तपासले होते.

क्ष-किरणांची तरंगलांबी अणूंमधल्या अंतराएवढी, नॅनोमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. म्हणून स्फटिकातल्या रांगांवरून ते ठराविक दिशांनाच परततात, आणि त्या दिशांवरून रांगांमधले अंतर काढता येते. लॉरेन्स ब्रॅग यांनी हे गणित बसवले आणि १९१५ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी वडिलांबरोबर नोबेल मिळवले. साखरेचा एक रेणू म्हणजे कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजनचे ४५ अणू. डब्यातल्या मिलिमीटरभर दाण्यात त्या रेणूंच्या साधारण दहा लाख रांगा एकापुढे एक शिस्तीत उभ्या असतात.

आत्याच्या घरापासून काही किलोमीटरांवर, सगळे इंदूर ज्याला 'कॅट' म्हणते त्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, इंडस-२ नावाचे १७२.५ मीटर परिघाचे वर्तुळ आहे. अडीच अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन त्यात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात आणि वळणावर प्रखर क्ष-किरण सोडतात. त्या किरणांखाली चुंबके, मिश्रधातू, प्रथिने अशा कितीतरी पदार्थांतली अणूंची मांडणी पाहिली जाते. अणू कोणते, याच्या इतकेच ते कसे बसले आहेत याला महत्त्व देणारी ही संघनित द्रव्याची, म्हणजे घन आणि द्रव पदार्थांची विद्याशाखा. कृष्णविवरांच्या बातम्या येतात तशा हिच्या येत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. हातातल्या फोनचा ट्रान्झिस्टर हिनेच दिला.

मांडणीने काय फरक पडतो हे चिक्कीत पाहावे. साखरेची चिक्की करताना पाक दीडशे अंशांच्या आसपास नेतात, पाणी जेमतेम उरते, आणि मग तो भराभर थंड होतो. रेणूंना रांग लावायला वेळच मिळत नाही. द्रवातल्या गोंधळात जसे होते तसेच ते थिजतात. अशा पदार्थाला काच म्हणतात, आणि खिडकीची काच ज्या अर्थाने काच आहे त्याच अर्थाने चिक्कीतला पाक काच आहे. कोरड्या साखरेची काच साठ-सत्तर अंशांच्या आसपास मऊ होऊ लागते. पाण्याचा थोडासा अंश शिरला की हे तापमान झपाट्याने खाली येते. जुलैत डबा उघडा राहिला की चिक्की हाताला चिकटते ती यामुळे. हवेतला दमट अंश घेऊन काचेचा दाट द्रव होतो. मग मोकळे झालेले रेणू हळूहळू रांगा लावतात, आणि काही दिवसांनी तिच्यावर रवाळ पांढरा थर दिसतो.

खडीसाखरेचे खडे घरात असतील तर रात्री खोली पूर्ण काळोखी करून एक खडा पकडीत धरा. आधी दहा मिनिटे नुसते बसा, डोळे अंधाराला सरावू द्या. मग खडा फोडा. तुटण्याच्या क्षणी फिकट निळसर चमक दिसते. सतराव्या शतकात इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन यांनी ती नोंदवली होती. स्फटिक चिरताना दोन्ही बाजूंवर विरुद्ध विद्युतभार साचतात, मधल्या हवेतून इवलीशी ठिणगी जाते आणि हवेतला नायट्रोजन उजळतो. आकाशातल्या विजेतही तो असाच उजळतो. आत्याने यंदा तीन खडे फोडले. तिसऱ्याला ती म्हणाली, "दिवा लावू नकोस, अजून एक दे."