कलायखंज (लॅथिरिझम)

लाख या कडधान्याचे दीर्घकाळ व मोठ्या प्रमाणात सेवन केल्यामुळे दोन्ही पायांना येणारा ताठर स्वरूपाचा कायमचा अधरांगघात. लाखेला विदर्भात लाखोळी किंवा लाखोरी, हिंदी भाषी प्रदेशात खेसारी व तिवडा म्हणतात. शास्त्रीय नाव लॅथायरस सटायव्हस. हा रोग सांसर्गिक किंवा आनुवंशिक नाही. जनावरांत व प्रयोगशाळेतील उंदरांत आढळणाऱ्या अस्थिविकारालाही पूर्वी हेच नाव दिले जाई, त्यामुळे वैद्यकीय वाङ्मयात बराच घोटाळा झाला (त्याचा विचार पुढे केला आहे). प्रस्तुत नोंद मुख्यतः मानवी मज्जाविकाराविषयी (चेतासंस्थेच्या विकाराविषयी) आहे.

लक्षणे : सुरुवात बहुधा अचानक होते. आदल्या दिवशी शेतात राबलेला धडधाकट माणूस सकाळी उठतो तेव्हा त्याच्या पोटऱ्या ताठलेल्या आणि पाय जड झालेले असतात. अतिश्रम, थंडी किंवा पावसात भिजणे यांचे निमित्त झाल्याचे रुग्ण पुष्कळदा सांगतात. टाच जमिनीला टेकत नाही. रुग्ण गुडघे किंचित वाकवून चवड्यांवर चालतो आणि पाऊल टाकताना एक पाय दुसऱ्याच्या आड येतो. जिना किंवा बांध उतरणे हे चढण्यापेक्षा अवघड जाते. ॲक्टन यांनी १९२२ मध्ये वापरलेली प्रतवारी आजही प्रचलित आहे : काठीशिवाय चालणारे, एका काठीने चालणारे, दोन काठ्यांनी चालणारे आणि अखेरीस हातांच्या व बुडाच्या आधाराने सरपटणारे. हातांची शक्ती, त्वचेची संवेदना व बुद्धी शाबूत राहते. मलमूत्र विसर्जनावरील ताबाही सहसा जात नाही. ताठरपणा एकदा स्थिरावला की मागे हटत नाही, पण तो वाढतही नाही आणि त्याने आयुष्य फारसे घटत नाही. म्हणजे ऐन तारुण्यात आलेले पंगुत्व तीस-चाळीस वर्षे सोसावे लागते. रुग्णांत १५ ते ४५ वयाचे पुरुष अधिक असतात. स्त्रियांचे प्रमाण कमी का, याची अंतःस्रावांपासून घरातील वाटणीपर्यंत अनेक स्पष्टीकरणे दिली गेली आहेत. श्रमाचा वाटा त्यांत अधिक संभवनीय दिसतो.

प्राचीनत्व : सुश्रुतसंहितेतील वातव्याधींच्या प्रकरणात कलायखंजाचे वर्णन येते. चालू लागताना रुग्ण कापतो, लंगडत चालतो आणि त्याच्या सांध्यांचे बंध सैल झालेले असतात, असा त्याचा आशय आहे. संहितेचा काळ व तिच्यातील थर यांविषयी मतैक्य नसल्याने या वर्णनाला नेमके शतक देणे धाडसाचे ठरेल. शिवाय सैल सांधे हे लक्षण आज दिसणाऱ्या ताठरपणाशी जुळत नाही. उभे राहताना पायांना सुटणारा कंप तेवढा जुळतो. सुश्रुताने येथे रोगाचे कारण म्हणून आहाराकडे बोट दाखवले आहे असे मूळ वचनावरून ठामपणे म्हणता येत नाही. सोळाव्या शतकाच्या सुमाराचा भावप्रकाश मात्र अधिक निःसंदिग्ध आहे. त्रिपुट हे धान्य लंगडेपणा व पांगळेपणा आणणारे आहे असे भावमिश्र सांगतात, आणि त्रिपुट म्हणजे लाख याबद्दल फारसा वाद नाही. निदान तेव्हापासून वैद्यांना हा संबंध माहीत होता, इतके मानायला हरकत नाही. यूरोपात हिप्पॉक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथांत सतत कडधान्य खाऊन पाय गेलेल्यांचा उल्लेख आहे. जर्मनीतील व्ह्यूर्टेंबर्गच्या ड्यूकने १६७१ मध्ये लाखेच्या पिठाच्या पावावर बंदी घातली होती. लॅथिरिझम ही संज्ञा नेपल्सच्या कांतानी यांनी १८७३ च्या सुमारास रूढ केली.

भारतातील पहिला तपशीलवार वृत्तांत वैद्याचा नसून एका प्रशासकाचा आहे, तो म्हणजे ठगीच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्ध झालेल्या स्लीमन यांचा. १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्यांनी सागर प्रदेशातील घटनाक्रम दिला आहे. १८२९ पासून गारपीट, अवर्षण व तांबेरा यांनी एकामागून एक हंगामांत गहू बुडाला, लाख तेवढी तगली आणि लोक तिच्यावरच जगले. पुढे १८३३ पासून तरुण माणसांचे कमरेखालचे अंग निकामी होऊ लागले. बैल व तट्टेही सुटली नाहीत, असे ते नमूद करतात. त्यानंतर अलाहाबाद जिल्ह्यात आयर्विंग यांनी पांगळ्यांची पाहणी केली, तर १८९६ ते १९०२ या दुष्काळी वर्षांतील मध्य प्रांताचा बुकॅनन यांचा अहवाल १९०४ मध्ये नागपुरात छापला गेला.

कारणमीमांसा : लाखेमुळे हा रोग होतो हे गावकऱ्यांना ठाऊक असले, तरी प्रयोगशाळेत ते सिद्ध होण्यास फार काळ लागला. १९२५ मध्ये अँडरसन, हॉवर्ड व सायमनसन यांनी वेगळाच पक्ष मांडला. (यांतील अल्बर्ट हॉवर्ड हे पुढे इंदूर पद्धतीच्या कंपोस्ट खतामुळे ओळखले गेले.) त्यांच्या मते निवडून स्वच्छ केलेली लाख निरुपद्रवी असून खरा दोषी तिच्या शेतात उगवणारे अकटा हे तण (व्हिसिया सटायव्हा) होते. बदकांवरील व माकडांवरील प्रयोगांचा त्यांनी आधार घेतला. या पक्षाचे बळ त्याच्या साधेपणात होते. तो खरा असता, तर चाळणीने व निवडणीने रोग थांबला असता. पुढे अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांत हे मत वावरत राहिले. १९६२ मध्ये रेसलर यांनी अकट्यातून बीटा-सायनो-ॲलॅनीन हे मज्जाविष वेगळे केल्यावर तर त्याला नव्याने उजाळा मिळाला. तथापि ज्या गावांत अकटा नगण्य होता तेथेही रोगी आढळत होते आणि ही अडचण या पक्षाला कधीच दूर करता आली नाही.

दुसरा चकवा शोभेच्या गोड वाटाण्याचा (लॅथायरस ओडोरॅटस). त्याच्या बिया खाऊ घातलेल्या उंदरांचा कणा वाकडा होतो व महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) फुगते. त्यातील बीटा-ॲमिनोप्रोपिओनायट्राइल हे द्रव्य १९५४ च्या सुमारास ओळखले गेले. ते कोलॅजेनच्या (हाडे व संयोजी ऊतक यांना बळकटी देणाऱ्या प्रथिनाच्या) तंतूंचे परस्परबंध जुळू देत नाही. संयोजी ऊतकाच्या अभ्यासाला त्याचा मोठाच लाभ झाला, पण हे द्रव्य खाण्याच्या लाखेत नसतेच. त्यामुळे मध्य प्रदेशातील रीवा या रोगग्रस्त जिल्ह्यातील पांगळ्यांचे कोडे त्या उंदरांनी सुटण्यासारखे नव्हते. अस्थिकलायखंज व मज्जाकलायखंज हा भेद त्यानंतर रूढ झाला.

निर्णायक पाऊल १९६४ मध्ये पडले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा व पी. एस. सर्मा यांनी लाखेच्या बियांतून बीटा-ऑक्सॅलिल-डायॲमिनोप्रोपिओनिक आम्ल (संक्षेपाने ओडॅप) वेगळे करून त्याची रचना निश्चित केली. त्याच वर्षी मूर्ती, शेषाद्री व वेंकटसुब्रमण्यन यांनीही ते स्वतंत्रपणे वर्णिले. अग्रक्रमाचा प्रश्न येथे गौण आहे. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलांना हे द्रव्य टोचल्यास माना पिळवटून झटके येतात, प्रौढ प्राण्यांवर मात्र तोंडावाटे परिणाम दिसत नाही. यामुळे माणसातील रोगाचे कारण हेच, असे म्हणायला पुढील वीस वर्षे संकोच राहिला. १९८६ मध्ये स्पेन्सर व सहकाऱ्यांनी माकडांवरील प्रयोगांतून हा दुवा बळकट केला. ओडॅप हे ग्लुटामेट या चेतापेशींतील संदेशवाहक द्रव्याची नक्कल करते, त्या पेशींवरील एएमपीए या ग्लुटामेट-ग्राहींना सतत उद्दीपित ठेवते व अखेर त्या पेशी मरतात, ही उपपत्ती आज बहुमान्य आहे. तथापि एकाच घरात एकाच ताटातले खाऊन एकालाच रोग का होतो, हे केवळ विषाच्या मात्रेने उलगडत नाही. लाखेत मेथिओनीन व सिस्टीन ही गंधकयुक्त ॲमिनो आम्ले कमी असतात. त्यांच्या तुटवड्यामुळे पेशींची प्रतिकारक्षमता घटते, हे पूरक मत म्हणून ग्राह्य वाटते. गमतीची बाब अशी की, चिनी वैद्यकात रक्तस्राव थांबविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जिनसेंगच्या एका जातीच्या मुळांतही हेच आम्ल आढळते.

मात्रा व मजुरी : आहारातील उष्मांकांपैकी साधारण एक तृतीयांश किंवा अधिक लाखेतून आणि तेही सलग दोन-तीन महिन्यांहून अधिक काळ येत असतील, तर धोका संभवतो, असे निरनिराळ्या पाहण्यांवरून दिसते. आठवड्यातून एकदोनदा केलेल्या वरणाने कोणी पांगळा झाल्याचे आढळत नाही. द्विवेदी व प्रसाद यांची रीवा जिल्ह्याची पाहणी (१९६४) या दृष्टीने महत्त्वाची आहे. तेथील सालगड्यांना मजुरी धान्यात मिळे आणि ते धान्य पुष्कळदा लाख किंवा लाखमिश्रित असे. भाकरीही त्याचीच. मालकाच्या घरी गहू व तांदूळ, गड्याच्या घरी लाख. रोग गड्याच्या घरी. येथे विष आणि वेतन वेगळे काढता येत नाहीत.

उपाय व निर्बंध : कुन्नूर येथे मॅक्‌कॅरिसन यांच्या प्रयोगशाळेपासून सुरू झालेली व १९५८ मध्ये हैदराबादला हलविलेली संशोधनसंस्था (१९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था) या विषयातील प्रमुख केंद्र होय. सी. गोपालन यांनी १९५० मध्येच या रोगावर लेखन केले होते. त्यांनी मोहन व नागराजन यांच्यासह १९६६ मध्ये दोन घरगुती रीती सुचविल्या. पहिलीत डाळ कढत पाण्यात दोनेक तास भिजवून ते पाणी फेकून द्यायचे. दुसरीत, उकडा तांदूळ करतात त्याप्रमाणे, अख्खी लाख रात्रभर भिजवून, वाफवून उन्हात वाळवायची. बहुतांश ओडॅप पाण्यात विरघळून जाते. पण त्याबरोबर ब जीवनसत्त्वेही जातात. रीत बिनचूक आहे, परंतु ज्या घरात सरपण मोजून लावले जाते आणि लाख दळून भाकरीला जाते तेथे ती रुजण्याजोगी नव्हती.

अन्नभेसळ प्रतिबंध कायद्याखालील नियमांत १९६१ मध्ये लाखेच्या विक्रीवर निर्बंध आले. ते अमलात आणण्याची तारीख ज्या-त्या राज्याने ठरवायची होती, त्यामुळे चित्र तुकड्यांचे राहिले. पश्चिम बंगालने ही बंदी लागू केली नाही. पेरणीवर बंदी कधीच नव्हती. जे विकता येत नाही ते पेरता येते, अशा स्थितीत माल तूर व हरभरा डाळीत आणि बेसनात मिसळला जाई. अख्खा दाणा कुऱ्हाडीच्या पात्यासारखा एका बाजूने निमुळता असल्याने ओळखू येतो, पीठ झाल्यावर ओळखू येत नाही.

पूर्व विदर्भातील धानपट्ट्यात (भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली) लाखोळी उतेरा पद्धतीने घेतात. धान कापणीला दोनेक आठवडे असताना ओल्या चिखलात बी फेकतात. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही. दाणा, कोवळ्या शेंड्यांची भाजी आणि जनावरांना कुटार असा तिहेरी उपयोग होतो. भात हे मुख्य अन्न व लाखोळी तोंडीलावणे असल्याने येथे रोगाचे प्रमाण रीव्याच्या मानाने कमी राहिले असावे. नागपूरचे शांतिलाल कोठारी यांनी बंदी उठविण्यासाठी दीर्घकाळ मोहीम चालवली. त्यांचा निष्कर्ष (साधारण आहारात लाखोळी निर्धोक आहे) विदर्भापुरता बराचसा टिकतो. तो दुष्काळी एकान्नाच्या स्थितीला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. अलीकडच्या दशकांत भारतात नवे रुग्ण विरळ झाले. त्याचे श्रेय बंदीपेक्षा रोख मजुरी, १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा आणि रेशनवरील गहू-तांदूळ यांना देणे अधिक सयुक्तिक आहे.

कमी ओडॅपचे वाण (पुसा-२४, रतन, प्रतीक, महातिवडा) विकसित झाले आहेत. मात्र कीटकांमुळे परपरागीभवन होते व शेजारच्या गावरान पिकाशी संकर होऊन शुद्धता टिकत नाही. शिवाय पाण्याचा ताण किंवा जमिनीतील जस्ताची उणीव यांमुळे त्याच वाणात विषाचे प्रमाण वाढते.

औषधोपचार मर्यादित आहेत. टॉल्पेरिसोनासारख्या स्नायुशिथिलकांनी ताठरपणा काहीसा कमी होतो, मूळ इजा भरून येत नाही.

इतर देश : बांगलादेश व इथिओपिया येथे रोगाच्या साथी आल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात रुमानियाच्या ताब्यातील व्हाप्न्यार्का छावणीत ज्यू बंदिवानांना लाखेवर ठेवण्यात आले. त्यांच्यातीलच डॉक्टर आर्थर केसलर यांनी रोग ओळखला. इथिओपियातील १९९० च्या दशकातील साथीचा अभ्यास गेटाहून व सहकाऱ्यांनी केला. भाजलेली, उकडलेली व हिरवी कच्ची लाख अधिक घातक, तर तृणधान्यात मिसळून खाल्लेली लाख कमी धोक्याची, असे त्यांना आढळले. दुष्काळात मदत म्हणून पाठवायच्या अन्नात तृणधान्याचा वाटा ठेवावा, अशी शिफारस त्यावरून २००३ मध्ये करण्यात आली.