अमेरिकेतील अध्यक्षीय उमेदवारी आणि सहउमेदवाराची निवड

अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी दर चार वर्षांनी नोव्हेंबरात मतदान होते. त्या मतपत्रिकेवर पक्षातर्फे कोणाचे नाव जायचे, यासाठीची पक्षांतर्गत लढाई मात्र दीड-दोन वर्षे आधीच जुंपलेली असते. अध्यक्षपदाचा उमेदवार आणि त्याचा उपाध्यक्षपदाचा जोडीदार, म्हणजे ‘रनिंग मेट’ किंवा सहउमेदवार, या दोघांना मिळून अमेरिकेत ‘तिकीट’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात पक्ष आपल्या उमेदवारांची नावे छापलेल्या चिठ्ठ्या वाटत आणि मतदार त्याच पेटीत टाकत. हा शब्द त्या काळातला आहे. आपल्याकडे तिकीट मिळते किंवा कापले जाते, आणि कापणारा हात बहुधा मुंबईत किंवा दिल्लीत असतो. अमेरिकेत तिकिटाचा पहिला अर्धा भाग आज सामान्य मतदार देतो. दुसरा अर्धा अजूनही बंद दाराआडच ठरतो.

अमेरिकेच्या राज्यघटनेत पक्षांचा उल्लेखच नाही, मग उमेदवारीचा कुठून असणार? सुरुवातीला तर सहउमेदवार ही कल्पनाही नव्हती. निर्वाचकांची, म्हणजे राज्यांतर्फे अध्यक्ष निवडणाऱ्या इलेक्टरांची, सर्वाधिक मते मिळवणारा अध्यक्ष आणि दुसरा आलेला उपाध्यक्ष, असा सरळ हिशोब होता. त्यामुळे १७९६ मध्ये जॉन अ‍ॅडम्स अध्यक्ष झाले आणि त्यांचे प्रतिस्पर्धी थॉमस जेफरसन उपाध्यक्ष. १८०० मध्ये जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे एरन बर यांना प्रत्येकी ७३ मते पडली. हा तिढा प्रतिनिधीगृहात, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, मतदानाच्या ३६व्या फेरीत सुटला. १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने दोन्ही पदांची मते वेगळी केली आणि जोडीने लढण्याची वाट मोकळी झाली.

उमेदवार ठरवण्याचे काम प्रथम पक्षाच्या संसद सदस्यांकडे होते. १८३० च्या दशकात ते राष्ट्रीय अधिवेशनांकडे गेले. राज्याराज्यांतून प्रतिनिधी येत, बहुमत होईपर्यंत फेऱ्या चालत आणि खरी बोलणी हॉटेलच्या खोल्यांत होत. १८६० मध्ये शिकागोत रिपब्लिकनांचे बलाढ्य नाव विल्यम सीवर्ड यांचे होते. अब्राहम लिंकन यांच्या माणसांनी प्रत्येक राज्याकडे ‘निदान दुसरी पसंती तरी आमच्या माणसाला द्या’ असा लकडा लावला आणि तिसऱ्या फेरीत लिंकन जिंकले. त्यांच्या जोडीला मेन राज्याचे हॅनिबल हॅमलिन अधिवेशनानेच दिले. हे दोघे एकमेकांना प्रथम भेटले ते निवडणूक जिंकल्यावर.

१९२४ चे न्यूयॉर्कमधील डेमोक्रॅटिक अधिवेशन या पद्धतीचा कळस म्हणावे लागेल. त्या काळी डेमोक्रॅटिक उमेदवाराला साधे बहुमत पुरत नसे, दोन तृतीयांश मते लागत. विल्यम मॅकअ‍ॅडू आणि अल स्मिथ दोघेही हटेनात. वर्णक्रमाने पहिले राज्य अलाबामा. फेरीमागून फेरी त्याचा प्रमुख उठून एकच आरोळी ठोकायचा, ‘अलाबामाची २४ मते ऑस्कर अंडरवुड यांना!’ रेडिओमुळे ती घरोघरी पाठ झाली. अखेर १०३व्या फेरीत, सगळे थकल्यावर, जॉन डेव्हिस यांच्या गळ्यात माळ पडली. नोव्हेंबरात ते सपाटून हरले. दोन तृतीयांशाचा नियम १९३६ मध्ये रद्द झाला.

प्राथमिक निवडणुका, म्हणजे प्रायमरी, तेव्हाही होत्या, पण त्यांचे वजन फारसे नव्हते. १९६८ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. शिकागोत सभागृहाबाहेर व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांवर पोलिसांच्या लाठ्या पडत होत्या आणि देश ते टीव्हीवर पाहत होता. पक्षाने पुढे सुधारणा समिती नेमली आणि प्रतिनिधी मतदारांच्या कौलानुसारच निवडायचे, असा नियम आला. समितीचे पहिले अध्यक्ष होते जॉर्ज मॅकगव्हर्न, आणि नव्या नियमांखालचे पहिले डेमोक्रॅटिक उमेदवारही तेच झाले. नियम लिहिणाऱ्याला ते वापरताही आले, इतकेच.

आजची रीत अशी. राज्ये आपापल्या तारखेला प्रायमरी किंवा कॉकस घेतात. प्रायमरी म्हणजे गुप्त मतदान. कॉकस म्हणजे पक्षसमर्थकांची सभा, आणि डेमोक्रॅटांच्या आयोवातील जुन्या कॉकसची मजा वेगळीच होती. कडाक्याच्या थंडीत संध्याकाळी शेजारीपाजारी शाळेच्या व्यायामशाळेत जमायचे आणि ज्याला ज्याचा पाठिंबा त्याच्या कोपऱ्यात उभे राहायचे. डोकी मोजली जात. सर्वसाधारणपणे १५ टक्के माणसे ज्या कोपऱ्यात जमली नाहीत, तो कोपरा बाद. मग त्या पोरक्या मतदारांना ‘इकडे या’ म्हणून चारही बाजूंनी ओढले जाई. २०२० मध्ये निकाल कळवण्याचे अ‍ॅप फसले, निकाल कित्येक दिवस रखडला आणि आयोवाचा पहिला मान गेला. २०२४ मध्ये डेमोक्रॅटांनी तो दक्षिण कॅरोलिनाला दिला; रिपब्लिकनांनी सुरुवात आयोवातच केली.

मतदार मत उमेदवाराला देतात, पण पदरात पडतात ते अधिवेशनातले प्रतिनिधी. डेमोक्रॅट ते मतांच्या प्रमाणात वाटतात. रिपब्लिकनांच्या अनेक राज्यांत पहिला येणारा सगळेच घेऊन जातो. त्यामुळे रिपब्लिकन शर्यत सहसा लवकर निकाली निघते. २०२४ मध्ये त्यांच्या २,४२९ प्रतिनिधींपैकी १,२१५ हवे होते आणि डोनाल्ड ट्रम्प यांनी तो आकडा मार्चमध्येच गाठला. डेमोक्रॅटांकडे याशिवाय ‘सुपरडेलिगेट’ असतात, म्हणजे पक्षाचे खासदार, गव्हर्नर, पदाधिकारी अशी पदसिद्ध मंडळी. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून डेमोक्रॅट म्हणून प्रतिनिधीगृहात निवडून आले, तेव्हा हा मान त्यांच्याकडेही आपसूक आला. मात्र २०१८ पासून या मंडळींना, निकाल आधीच पक्का नसेल तर, पहिल्या फेरीत मत देता येत नाही. तशी वेळ आता येतच नाही म्हणा: १९५२ नंतर कोणत्याही मोठ्या पक्षाला दुसरी फेरी लागलेली नाही. अधिवेशन आता चार दिवसांचा सोहळा असतो.

सहउमेदवाराची गोष्ट उलट दिशेने गेली. पूर्वी तोही अधिवेशन ठरवत असे. १९४० मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ‘हेन्री वॉलेस नसतील तर मीही नाही’ असा हट्ट धरला आणि उमेदवाराचा शब्द वरचढ ठरू लागला. १९४४ मध्ये पक्षधुरिणांनी वॉलेस यांना बाजूला सारून हॅरी ट्रूमन यांना आणवले. उपाध्यक्ष होऊन ८२ दिवस झाले असताना ट्रूमन अध्यक्ष झाले. तोवर त्यांना अणुबॉम्बच्या प्रकल्पाची माहितीही दिलेली नव्हती. आजवर नऊ उपाध्यक्ष अध्यक्षाच्या मृत्यूमुळे किंवा राजीनाम्यामुळे अध्यक्ष झाले आहेत, हे पाहता ही निवड किती घाईत होत असे याचे नवल वाटते.

घाईची किंमत मॅकगव्हर्न यांनी मोजली. १९७२ मध्ये अनेकांनी नकार दिल्यावर अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी फोनवरच्या थोडक्या बोलण्यात त्यांनी सिनेटर थॉमस ईगलटन यांना घेतले. प्रतिनिधींनी रात्री आणखी डझनावारी नावे पुढे केली, काही निव्वळ थट्टेत, आणि मॅकगव्हर्न यांचे स्वीकृतीचे भाषण पहाटे तीनच्या सुमारास सुरू झाले. तेव्हा बहुतेक अमेरिका झोपली होती. नंतर उघड झाले की ईगलटन यांनी नैराश्यासाठी रुग्णालयात विजेच्या झटक्यांचे उपचार घेतले होते. अठराव्या दिवशी त्यांनी माघार घेतली.

१९७६ मध्ये जिमी कार्टर यांनी इच्छुकांना मुलाखतीसाठी जॉर्जियातल्या आपल्या प्लेन्स गावी बोलावले आणि वॉल्टर माँडेल यांना निवडले. तेव्हापासून करपत्रे, जुनी भाषणे, प्रकृतीचे कागद सगळे वकिलांकरवी तपासले जाऊ लागले. तरी १९८४ मध्ये मोठ्या पक्षाच्या पहिल्या महिला सहउमेदवार जेराल्डिन फेरारो यांना पतीच्या आर्थिक व्यवहारांवरून उत्तरे देत बसावे लागलेच. २००० मध्ये जॉर्ज बुश यांच्यासाठी सहउमेदवार शोधणारे डिक चेनी शेवटी स्वतःच सहउमेदवार झाले. दोघे टेक्सासचे असते तर तिथल्या निर्वाचकांना दोघांनाही मते देता आली नसती, म्हणून चेनी यांनी मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली.

निवडताना काय पाहतात? वय, प्रांत, धर्म, अनुभव, पक्षातला नाराज गट. १९६० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या कॅथलिक जॉन केनेडी यांनी टेक्सासचे लिंडन जॉन्सन घेतले आणि टेक्सास जिंकले. सहउमेदवार राज्य मिळवून देतो या समजाचा तो आवडता दाखला. त्याच्या तोडीचा दुसरा सहसा कोणाला सांगता येत नाही.

२०२४ मध्ये प्रायमरी जिंकलेले जो बायडन २१ जुलैला बाजूला झाले. कमला हॅरिस यांना प्रतिनिधींच्या ऑनलाइन मतदानातून उमेदवारी मिळाली आणि सहउमेदवार शोधायला जेमतेम दोन आठवडे उरले. पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शापिरो शेवटपर्यंत चर्चेत होते. ६ ऑगस्टला नाव जाहीर झाले ते मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ यांचे. नव्या जोडीची पहिली सभा त्याच संध्याकाळी शापिरो यांच्याच राज्यात, फिलाडेल्फियात झाली. तिथे शापिरो वॉल्झ यांच्या आधी बोलले आणि सभागृह दणाणून सोडले. नोव्हेंबरात पेनसिल्व्हेनियाची १९ निर्वाचक मते ट्रम्प यांना गेली.