पूर्वमंजूर क्रेडिट कार्ड पत्रे (अमेरिका)

अमेरिकेतील बँका आणि कार्ड कंपन्या टपालाने घरोघर पाठवतात त्या कार्डाच्या ऑफर. पाकिटावर बहुधा 'प्री-अप्रूव्ह्ड' किंवा 'प्री-सिलेक्टेड' असे छापलेले असते. दिसायला ही जाहिरात असली, तरी पिझ्झाच्या पत्रकासारखी ती सरसकट वाटली जात नाही. ज्याच्या नावे पत्र येते त्याची कर्जफेडीची नोंद आधीच चाळणीतून गेलेली असते. पत्रातला व्याजदर, फी, इतकेच नव्हे तर पाकिटावरचा मजकूरही ती चाळण झाल्यावर ठरतो.

पूर्वपीठिका

सुरुवातीला पत्र नव्हते, थेट कार्डच यायचे. १८ सप्टेंबर १९५८ रोजी बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो गावात ६०,००० 'बँकअमेरिकार्ड' टपालात टाकली. कोणी अर्ज केला नव्हता. त्यामागचे गणित साधे होते : गिऱ्हाइकांकडे कार्ड नसेल तर दुकानदार ते घेणार नाही, आणि दुकानदार घेत नसेल तर गिऱ्हाईक कार्ड मागणार नाही. म्हणून अख्ख्या गावाच्या हातात एकदमच कार्ड देऊन टाकायचे. पुढच्या सव्वा वर्षाच्या आत राज्यभर सुमारे २० लाख कार्डे गेली. थकबाकी ४ टक्के राहील असा बँकेचा अंदाज होता, ती २२ टक्क्यांवर गेली. पत्रपेट्यांतून कार्डे चोरीला गेली आणि बँकेला सुमारे ८८ लाख डॉलरचा फटका बसला. तरीही धंदा काही वर्षांत नफ्यात आला. हेच कार्ड पुढे १९७६ मध्ये 'व्हिसा' झाले. दरम्यान इतर बँकांनीही तोच कित्ता गिरवला. १९६६ च्या नाताळाच्या सुमारास शिकागोतील बँकांनी इतक्या घाईने कार्डे धाडली की ती लहान मुलांच्या आणि मृतांच्या नावेही पोहोचली.

१९७० मध्ये अमेरिकी काँग्रेसने न मागता कार्ड पाठवण्यावर बंदी घातली. जुन्या कार्डाचे नूतनीकरण किंवा बदली एवढाच अपवाद ठेवला. कार्ड पाठवता येईना म्हणून कार्ड घेण्याचे आमंत्रण जाऊ लागले. त्याला खरे बळ मिळाले ते १९७८ च्या 'मार्केट' (Marquette, एका बँकेचे नाव) खटल्याने. राष्ट्रीय बँकेने आपल्या मूळ राज्यात चालणारा व्याजदर देशभरच्या ग्राहकांना लावला तरी चालेल, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात ठरवले. म्हणून सिटीबँकेने कार्डाचा कारभार व्याजावर मर्यादा नसलेल्या साउथ डकोटा राज्यातील सू फॉल्सला हलवला, इतर कित्येक बँका डेलावेअरला गेल्या. पत्र न्यूयॉर्कच्या बँकेचे आणि पत्ता सू फॉल्सचा, याचे कारण हे.

कायद्यातली देवाणघेवाण

एरवी नवे कर्ज देण्यासाठी एखाद्याची क्रेडिट फाइल (कर्जफेडीची नोंद) पाहायची तर त्याने आधी अर्ज केलेला असावा लागतो. या पत्रांपुरती 'फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्ट' या १९७० च्या कायद्याने सूट दिली आहे. तिची आजची चौकट १९९६ च्या दुरुस्तीने घालून दिली. अट अशी की, ज्यांची नावे चाळणीतून पार झाली त्या प्रत्येकाला 'पक्की ऑफर' द्यावीच लागते. यादी विकत घेऊन त्यातल्या निवडक चार जणांनाच लिहिणे किंवा ती नुसती चाळून ठेवणे चालत नाही.

'पक्की' या शब्दाने मात्र फसू नये. उत्तर आल्यावर बँक फाइल पुन्हा तपासू शकते. मधल्या काळात हप्ता चुकला असेल, उत्पन्न पुरेसे दिसत नसेल, तर नकार देता येतो. एवढेच की निकष आधी ठरलेले असावे लागतात आणि ऑफरनंतर तीन वर्षे ते जपून ठेवावे लागतात. ऑफरमध्ये मुळात काही जीव असावा लागतो, हे २००४ च्या 'कोल विरुद्ध यू.एस. कॅपिटल' या खटल्यात संघीय अपील न्यायालयाने सांगितले. तिथे ३०० डॉलरचे 'हमखास' कर्ज दाखवले होते, तेही गाडी घेण्यापुरतेच.

चाळणी

बँकेची मागणी ठोस असते : क्रेडिट स्कोअर (कर्जफेडीच्या नोंदीवरून काढलेला गुणांक) अमुक ते तमुक, दिवाळखोरीची नोंद नको, इतर कार्डांवर मर्यादेच्या इतके टक्के उधारी, गेल्या सहा महिन्यांत नवे अर्ज मोजकेच. एक्विफॅक्स, एक्स्पिरियन आणि ट्रान्सयुनियन या पतमाहिती कंपन्या आपल्या कोट्यवधी फाइलींवर ही चाळण लावतात. यातून येतो तो कच्चा माल. त्यातून सध्याचे ग्राहक, मृत व्यक्ती, पत्रे नकोत असे कळवलेले लोक आणि संमती न दिलेले २१ वर्षांखालचे तरुण वगळले जातात. मग टपाल खात्याच्या पत्ताबदल नोंदींशी यादी ताडली जाते, कारण चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या पत्राचा खर्च तर वाया जातोच, शिवाय ते भलत्याच्या हाती पडते.

उरलेल्यांना दोन आकडे लागतात. हा माणूस बुडवेल का, हा एक; आणि हा उत्तर देईल का, हा दुसरा. पहिल्यापेक्षा दुसरा ओळखणे अवघड. २००५ मध्ये सुमारे ६ अब्ज पत्रे गेली, आणि हजारी तीनेक जणांनीच उत्तर दिले. हिशेब करून पाहावा : पत्रामागे अर्धा डॉलर खर्च धरला, तर दहा लाख पत्रांना पाच लाख डॉलर. उत्तरे तीन हजार, त्यांतली निम्मी मंजूर झाली तर एकेका खात्यामागे ३३३ डॉलर. उत्तराचे प्रमाण ०.३ वरून ०.४ टक्क्यावर गेले तर हाच आकडा २५० होतो. पाकिटावरच्या एकेका शब्दासाठी कंपन्या डोके खाजवतात ते या फरकापायी.

चाचण्या

या खेळातले मोठे नाव कॅपिटल वन. रिचर्ड फेअरबँक आणि नायजेल मॉरिस यांनी व्हर्जिनियातील सिग्नेट बँकेत ही पद्धत बसवली. १९९४ मध्ये तो विभाग स्वतंत्र कंपनी झाला. पद्धत अशी : यादीचे सारख्या वजनाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला एकच गोष्ट बदलून पत्र धाडायचे, जिंकलेले पत्र सर्वांना पाठवायचे आणि त्याच्याविरुद्ध लगेच नवा स्पर्धक उभा करायचा. पत्रावरचा 'आमंत्रण क्रमांक' ग्राहकाच्या सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात तो तुकड्याचा पत्ता असतो.

अशाच एका चाचणीची आकडेवारी अर्थतज्ज्ञ लॉरेन्स ऑसुबेल आणि हायेन शुई यांनी तपासली. एका गटाला सहा महिने ४.९ टक्के, दुसऱ्याला बारा महिने ७.९ टक्के असा सुरुवातीचा दर देऊ केला होता. पहिल्या ऑफरला जास्त लोक भुलले. आता २,५०० डॉलरची उधारी वर्षभर तशीच राहिली आणि सवलत संपल्यावर १६ टक्के दर लागला असे धरू : पहिल्या कार्डावर व्याज सुमारे २६१ डॉलर, दुसऱ्यावर १९८. सहा महिन्यांत सगळे फेडून टाकू असा भरवसा माणसाला स्वतःविषयी असतो, बँकेला त्याच्याविषयी तो नसतो. ऑसुबेल यांनी आणखी एक गोष्ट दाखवली : पत्राला उत्तर देणारे हे न देणाऱ्यांपेक्षा सरासरीने जास्त जोखमीचे निघतात, आणि ऑफर जितकी वाईट तितके तिला हो म्हणणारे अधिक अडचणीतले. म्हणून नुसता दर वाढवून बँकेचे भागत नाही, चाळणीच बारीक करावी लागते.

पाकिटात काय असते

बाहेरून खिडकीचे पाकीट, कधी बँकेचे नावही नाही, म्हणजे बिल समजून तरी ते फोडले जावे. आत पत्र, अर्ज, परतीचे पाकीट आणि दाट छपाईची अटींची घडी. वाचायची जागा एकच, 'शूमर बॉक्स' नावाचा तक्ता. १९८८ च्या कायद्याने तो आला. खरेदीवरचा वार्षिक व्याजदर त्यात किमान १६ पॉइंट अक्षरात द्यावा लागतो. त्याच्याखाली रोख उचलीचा दर, बाकी हस्तांतरणाची (दुसऱ्या कार्डावरची उधारी या कार्डावर आणण्याची) फी, विलंब शुल्क, वार्षिक फी. 'शून्य टक्के' असे ठळक छापलेल्या हस्तांतरणावर बहुधा ३ ते ५ टक्के फी असते : ४,००० डॉलरची बाकी हलवली की १२० ते २०० डॉलर पहिल्याच दिवशी चढतात. मर्यादेपुढचा 'पर्यंत' हा शब्दही असाच. १०,००० 'पर्यंत' म्हणून आलेले कार्ड ८०० चे निघू शकते.

२००९ च्या 'कार्ड अ‍ॅक्ट'ने काही दात काढले. सवलतीचा दर निदान सहा महिने टिकवावा लागतो. पहिल्या वर्षातली फी मर्यादेच्या २५ टक्क्यांपुढे नेता येत नाही. त्याआधी ३०० डॉलरच्या कार्डावर बहुतेक मर्यादा फीनेच खाल्लेली असायची.

कोणाला कोणते पत्र

होंग रू आणि अँटोनेट शोअर यांनी १९९९ ते २०११ मधील दहा लाखांहून अधिक पत्रे तपासली. कमी शिकलेल्या घरांकडे जाणाऱ्या पत्रांत सुरुवातीचा दर कमी आणि वार्षिक फी माफ, पण विलंब शुल्क व नंतरचे दंडाचे दर चढे. सुशिक्षितांना विमानाचे मैल. ज्या पत्रांत मागाहून बसणारा भार जास्त, त्यांत चित्रे आणि रंग जास्त, अटी शेवटच्या पानावर. नुकतीच दिवाळखोरी मंजूर झालेल्यांनाही पत्रे येतात, हे ऐकून लोक चकित होतात. पण जुनी कर्जे धुऊन निघालेली असतात, आणि दिवाळखोरी कायद्याच्या त्याच प्रकरणाखाली ('चॅप्टर ७') पुन्हा सुटका आठ वर्षे मिळत नाही. अशा माणसाकडून वसुली उलट सोपी.

नोकरीसाठी पुण्या-मुंबईहून गेलेल्यांचा अनुभव वेगळा. भारतातला सिबिल स्कोअर तिथे सहसा चालत नाही, फाइलच नसते, त्यामुळे पहिले काही महिने पत्रपेटी रिकामी. ठेव ठेवून घेतलेले पहिले कार्ड सहा महिने वापरल्यावर स्कोअर तयार होतो, मग पाकिटांची रीघ लागते. हुरळून चार अर्ज एकदम भरले की प्रत्येकाची नोंद फाइलवर चढते आणि पाचवा नाकारला जाऊ शकतो. बँकेने यादीसाठी केलेली पाहणी स्कोअरला धक्का लावत नाही, तुम्ही उत्तर दिल्यावरची तपासणी लावते. भारतात अशी पत्रे कमी. तिथे फोन आणि एसएमएस येतात. न मागितलेले कार्ड देऊन बिल लावले तर ते रद्द करून रकमेच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत सांगितले.

धोके आणि बंद करण्याची रीत

चोर पत्रपेटीतले पत्र उचलतो, पत्ता बदलून अर्ज भरतो. म्हणून नको असलेले पत्र आडवे-उभे फाडावे. स्वतःच्या बँकेने पाठवलेले कोरे 'सोयीचे' धनादेश (कार्डाच्या खात्यावर वटणारे) तर आधी. क्रेडिट फाइल गोठवली (नवे कर्ज देणाऱ्यांना पाहण्यास बंद केली) की पत्रे थांबतात, हा गैरसमज आहे. ही चाळणी त्या गोठवण्यातून वगळलेली आहे. उलट गोठवलेल्या फाइलवर ऑफर स्वीकारली तर बँकेला फाइल उघडत नाही आणि 'पूर्वमंजूर' अर्ज अडकतो.

पत्रे बंद करण्याची सूचना पहिल्याच पानावर चौकटीत, किमान १२ पॉइंट अक्षरात असते. १-८८८-५६७-८६८८ या क्रमांकावर किंवा ऑप्टआउटप्रीस्क्रीन डॉट कॉमवर नाव, पत्ता, जन्मतारीख व सोशल सिक्युरिटी क्रमांक द्यावा लागतो. असे केले की पाच वर्षे नाव वगळले जाते. कायमचे वगळायचे तर सही केलेला फॉर्म टपालाने पाठवावा लागतो, आणि नेमके तिथेच बहुतेक जण थांबतात. नोंद पाच कामकाजी दिवसांत लागू होते, पण आधीच विकल्या गेलेल्या याद्यांतली पत्रे काही आठवडे येतच राहतात. नोंद माणसाची, घराची नव्हे : नवऱ्याने केली तरी बायकोच्या नावे पाकिटे येतात. आपलीच बँक, विमान कंपनी किंवा माजी विद्यार्थी संघ यांच्याकडची पत्रेही थांबत नाहीत, कारण ती क्रेडिट फाइलमधून निघालेलीच नसतात.