थंड समुद्र आणि वाटीतलं वरण

गेल्या डिसेंबरात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहणाऱ्या माझ्या बहिणीचा फोन आला. तिची मुलगी आठ वर्षांची. वर्गातल्या दोन मैत्रिणी १ जानेवारीला आईवडिलांबरोबर समुद्रात डुबकी मारायला जाणार होत्या आणि हिनेही हट्ट धरला होता. ‘जाऊ देऊ का गं?’ बहिणीने मला विचारलं, कारण घरात विज्ञानावर लिहिणारी मी एकटीच.

तिकडे हा प्रकार नवा नाही. लंडनमधल्या हाइड पार्कच्या सर्पेंटाइन तळ्यात नाताळच्या सकाळी पोहण्याची शर्यत होते, तिची परंपरा १८६४ पर्यंत मागे जाते. डब्लिनजवळच्या सँडीकोव्हला ‘फॉर्टी फूट’ या खडकाळ जागी नाताळला पाण्यात उतरणाऱ्यांची गर्दी उसळते. एडिनबराजवळच्या साउथ क्वीन्सफेरीत नववर्षाच्या दिवशी लोक चित्रविचित्र वेष करून फोर्थच्या खाडीत शिरतात. या गर्दीत मुलंही असतात, आणि आता तिथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही.

बहिणीला मी म्हटलं, ‘गुडघाभर पाण्यात जाऊ दे, पोहायला नको.’ तिला ते घाबरट वाटलं. मुलगी पुण्यात सुट्टीला आली की तलावात तासभर पोहते, मग दोन मिनिटांचं काय एवढं? म्हणून मला सगळं नीट सांगावं लागलं.

आपण कोकणच्या समुद्रावर वाढलेली माणसं. जानेवारीतसुद्धा आपल्या किनाऱ्याचं पाणी २४-२५ अंश सेल्सियसच्या खाली सहसा जात नाही. धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे अंतर दहा-बारा वर्षांची मुलं पोहून पार करतात, त्यांचे फोटो पेपरात येतात आणि ‘मुलांना जमतं’ हे आपल्या मनात पक्कं बसतं. मुलांना जमतं हे खरंच आहे, पण ते या पाण्यात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डिसेंबरअखेर पाणी १० अंशांच्या आसपास असतं आणि त्यानंतरही ते गार होतच राहतं. समुद्र हवेच्या मागून निवतो आणि मागूनच तापतो. त्यामुळे तिकडचं सगळ्यात थंड पाणी नाताळात नसतं, ते फेब्रुवारी-मार्चमध्ये असतं. एप्रिलमध्ये एखाद्या दिवशी छान ऊन पडतं, मुलं चड्डीवर वाळूत खेळतात आणि पाणी मात्र अजून ९-१० अंशांवर असतं. नववर्षाच्या डुबकीला निदान सगळे सावध असतात. मला खरी भीती त्या उन्हाळलेल्या एप्रिलची वाटते.

आता पहिल्या मिनिटाबद्दल. थंडीत गीझर बंद पडल्यावर गार पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घेतलाय ना कधी? श्वास कसा धस्सकन आत ओढला जातो, आणि मग काही क्षण धापा लागतात. आपण ठरवून काही करत नाही. कातडीतल्या थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंनी मेंदूच्या तळाशी एकदम गजर केलेला असतो. समुद्रात हाच तांब्या एका क्षणात सगळ्या अंगावर पडतो. आधी एक मोठा, न आवरता येणारा श्वास, मग भराभर उथळ श्वास. छाती धडधडते, रक्तदाब चढतो. एरवी मिनिटभर श्वास रोखून धरणाऱ्या माणसाला अशा पाण्यात काही सेकंदही तो रोखता येत नाही. तो पहिला मोठा श्वास घेताना तोंड पाण्याखाली असेल, तर हवेऐवजी पाणी आत जातं.

ब्रिटनमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात माइक टिप्टन यांनी या ‘शीत धक्क्या’चा अनेक दशकं अभ्यास केला आहे. पाणी १५ अंशांच्या खाली गेलं की हा धक्का गंभीर होतो, पहिल्या अर्ध्या मिनिटात शिगेला पोचतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. गार पाण्यात माणूस गारठून मरतो, असं पूर्वी सर्रास समजलं जाई. टिप्टन आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी फ्रँक गोल्डन यांनी दाखवून दिलं की कितीतरी माणसं गारठण्याइतका वेळ जगतच नाहीत, ती सुरुवातीच्या काही मिनिटांतच बुडतात. शरीराचं आतलं तापमान धोकादायक पातळीला उतरायला मोठ्या माणसाला साधारण अर्धा तास तरी लागतो.

म्हणूनच ब्रिटनची जीवरक्षक नौकांची संस्था, १८२४ मध्ये स्थापन झालेली आरएनएलआय, अचानक गार पाण्यात पडलेल्यांना हातपाय मारू नका, आधी उताणं तरंगा, श्वास ताळ्यावर येऊ द्या, असं सांगते. सल्ला अगदी बरोबर आहे. पण आठ वर्षांच्या मुलीकडून त्या क्षणी हे होईल का? घाबरलेलं मूल ओरडतं, आईच्या गळ्याला मिठी मारतं, धडपडतं. शिवाय जी लाट मोठ्या माणसाच्या कमरेला लागते ती तिच्या तोंडावर येते. धक्क्याच्या त्या अर्ध्या मिनिटात तोंडावर आलेली एक लाट पुरते.

यात हृदयाचाही एक गुंता आहे, आणि त्याबद्दल पालकांमध्ये फारसं बोललं जात नाही. अंगाला गार पाणी लागलं की हृदय जोरात धावू लागतं. चेहरा गार पाण्यात बुडाला की मात्र उलटा हुकूम सुटतो, ‘हळू चाल’. सील आणि देवमाशांमध्ये हा दुसरा हुकूम फार प्रबळ असतो. आपल्यातही तो आहे आणि अगदी लहान मुलांमध्ये जास्त ठळकपणे दिसतो. सूर मारणाऱ्याला दोन्ही हुकूम एकाच वेळी मिळतात. निरोगी हृदय तेवढ्यापुरतं अडखळतं आणि सावरतं. पण साधारण दोन हजारांत एका मुलाला जन्मतः हृदयाच्या विद्युत-लयीचा एक दोष असतो. ‘लाँग क्यूटी’ म्हणतात त्याला. या दोषाच्या एका प्रकारात पोहणं हेच हृदयाची लय बिघडवणारं ठरलेलं कारण आहे. मूल दिसायला ठणठणीत असतं. म्हणून बहिणीला मी पहिला प्रश्न हाच विचारला: हिला कधी खेळताना, पळताना चक्कर येऊन शुद्ध हरपलीय का? नवऱ्याच्या घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का, चांगलं पोहता येत असूनही बुडालंय का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर आधी डॉक्टर, समुद्राचा विचार नंतर.

धक्का ओसरला, मूल हसायला लागलं, की पालकांचा जीव भांड्यात पडतो. मुलाच्या शरीराचं वेगळेपण मात्र तिथून पुढे जाणवू लागतं.

पातेल्यातलं वरण बराच वेळ गरम राहतं, वाटीत वाढलेलं लगेच निवतं. वरण तेच, पण वाटीत थोड्या वरणाला खूप पृष्ठभाग मिळालेला असतो. ७० किलोच्या प्रौढ माणसाच्या कातडीचं क्षेत्रफळ साधारण १.८ चौरस मीटर असतं, म्हणजे किलोमागे सुमारे २६० चौरस सेंटिमीटर. २५ किलोच्या आठ वर्षांच्या मुलाचं क्षेत्रफळ असतं साधारण ०.९५ चौरस मीटर, म्हणजे किलोमागे ३८०. जवळजवळ दीडपट! उष्णता निघून जायला दीडपट वाट आणि ती निर्माण करायला चिमुकले स्नायू. त्यात पाणी हवेच्या सुमारे २५ पट सहजतेने उष्णता वाहून नेतं. कातडीखालची चरबी हे आपलं खरं स्वेटर, आणि काटकुळ्या मुलाकडे तेही पातळच. विल्यम कीटिंग यांनी ए. डब्ल्यू. स्लोन यांच्याबरोबर १९७३ मध्ये ८ ते १९ वयोगटातल्या मुलामुलींना सुमारे २० अंशांच्या पाण्यात पोहायला लावून त्यांचं तापमान मोजलं होतं. लहान आणि बारीक मुलं सगळ्यात वेगाने गार पडली. २० अंशांत! हिवाळी समुद्र त्याच्या निम्म्यावर असतो.

‘पोहत राहिलं की अंग गरम राहतं’ हे आपल्याकडे सगळेच म्हणतात. आपल्या पाण्यात ते खरंही आहे. गार पाण्यात मात्र हातपाय हलवले की कातडीलगतचं किंचित कोमट झालेलं पाणी दूर लोटलं जातं, त्याच्या जागी नवं गार पाणी येतं आणि स्नायूंकडे धावणारं रक्त आतली ऊब बाहेर आणून ओततं. दुसरं म्हणजे हातांचे स्नायू आणि नसा गार पडल्या की हात ऐकेनासे होतात. १९९९ मध्ये टिप्टन यांच्या गटाने दहा चांगल्या पोहणाऱ्या प्रौढांना दीड तास पोहायला सांगितलं. २५ अंशांच्या पाण्यात दहाही जणांनी ते पूर्ण केलं, १८ अंशांत आठांनी, १० अंशांत फक्त पाचांनी. थकत गेलेल्यांच्या हातांचे फटके आखूड पडू लागले, पाय खाली जाऊ लागले, शरीर आडवं राहायचं ते उभं होऊ लागलं. तलावात तासभर पोहता येणं आणि इथे पोहता येणं ही दोन निरनिराळी कौशल्यं आहेत.

मुलं लवकर गार होतात याची एक विलक्षण बाजूही वैद्यकात नोंदली गेली आहे. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात अडीच वर्षांची एक मुलगी बर्फासारख्या गार ओढ्यात ६६ मिनिटं पाण्याखाली होती. डॉक्टरांनी तिचं रक्त शरीराबाहेर यंत्रात गरम करून परत आत सोडलं आणि ती जगली, बरी झाली. लहान शरीर इतक्या झपाट्याने थंड पडलं की मेंदूची प्राणवायूची गरज वेळेत घटली. ही घटना वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण ‘मुलांना थंडी सोसते’ याचा पुरावा म्हणून कोणी ती सांगितली की मला राहवत नाही. जो गुण त्या मुलीला वाचवून गेला, तोच पोहणाऱ्या मुलाला काही मिनिटांत निकामी करतो.

मग फायद्यांचं काय? गार पाण्याने मुलं काटक होतात ही समजूत इंग्लंडात फार जुनी आहे. १६९३ मध्ये जॉन लॉक या तत्त्वज्ञाने मुलांचे पाय रोज गार पाण्याने धुवावेत आणि बूट असे पातळ असावेत की त्यात पाणी शिरेल, असा सल्ला दिला होता. अठराव्या शतकाच्या मध्याला रिचर्ड रसेल या डॉक्टरने ब्रायटनच्या समुद्रस्नानाला औषधाचा दर्जा मिळवून दिला आणि तिथे रुग्णांना धरून पाण्यात बुचकळणाऱ्या धंदेवाईक बायकाही असत. आजच्या अभ्यासातून हाती काय लागतं? प्रौढ माणसं दोन-तीन मिनिटं अशी पाच-सहा वेळा गार पाण्यात उतरली की शीत धक्का जवळपास निम्मा होतो, हे पक्कं आहे. मन प्रसन्न होतं असं अनेक जण सांगतात. २०१८ मध्ये गार पाण्यात पोहून एका २४ वर्षांच्या स्त्रीचं नैराश्य हटल्याची नोंद प्रसिद्ध झाली आणि तिचा खूप गाजावाजा झाला, पण ती एकाच व्यक्तीची हकिगत होती. हे सगळं मोठ्यांवरचं, स्वतःच्या मर्जीने आलेल्यांवरचं काम आहे. त्याच्या जोरावर आठ वर्षांच्या मुलाला ‘काटक’ करायला निघणं मला पटत नाही. जागतिक जलक्रीडा संघटना १६ अंशांपेक्षा थंड खुल्या पाण्यात तयारीच्या खेळाडूंचीही शर्यत होऊ देत नाही. इंग्लिश खाडी १९८८ मध्ये एका अकरा वर्षांच्या मुलाने पोहून पार केली होती, तीही उन्हाळ्यातल्या पाण्यात. त्यानंतर किमान वय १६ करण्यात आलं.

तरीही मी ‘नको’ म्हटलं नाही. समुद्राची ओढ असलेल्या मुलीला काचेआड बसवून ठेवणं मलाही नको होतं. अंगाला नीट बसणारा वेटसूट, म्हणजे ऊब धरून ठेवणारा रबरी पोहण्याचा पोशाख, आणि पायात त्याच निओप्रीन रबराचे मोजे. आईचा हात धरून चालत आत जायचं, उडी नाही, सूर नाही, तोंड कोरडं. पाणी गुडघ्याच्या वर नको. लाटा असतील तर बेत रद्द, कारण हिवाळ्यात बहुतेक किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात. दोन मिनिटं, त्याहून जास्त नाही, आणि ती ‘बास’ म्हणाली की त्याच क्षणी बाहेर, ‘आणखी थोडं’ म्हणून कोणी भरीस पाडायचं नाही. बाबांनी पाण्यात उतरायचंच नाही, टॉवेल आणि कपडे घेऊन काठावर उभं राहायचं.

बाहेर आल्यानंतरची वीस मिनिटं पाण्यातल्या दोन मिनिटांइतकीच महत्त्वाची. आतली ऊब गार हातापायांकडे झिरपत राहते, म्हणून काठावर आल्यावरही शरीराचं तापमान उतरत जातं. ओलं काढायचं, कोरडं करायचं, थरावर थर चढवायचे, टोपी घालायची, कोमट गोड दूध द्यायचं. कडक गरम पाण्याचा शॉवर लगेच नको, त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या एकदम मोकळ्या होतात आणि भोवळ येऊ शकते. हुडहुडी भरली तर भरू द्यावी, शरीर आपलं काम करतंय. जीभ जड झाली, चालताना तोल गेला, मूल उगाच चिडचिडं किंवा पेंगुळलेलं वाटलं, किंवा अंग गार असतानाच कुडकुडणं थांबलं, तर ९९९ हा तिकडचा तातडीच्या मदतीचा नंबर लावायचा.

१ जानेवारीला ती दीड मिनिट पाण्यात होती. मग स्वतःच ‘बास’ म्हणाली. तासाभराने फोन आला तेव्हा आवाज खणखणीत होता. काठावर स्वेटरची बटणं तिला लावता आली नव्हती, बोटं हलतच नव्हती, शेवटी बाबांनी लावून दिली. शेजारी उभ्या आईने मात्र स्वतःची सगळी बटणं भराभर लावली होती.

‘मावशी, आम्ही दोघी एवढाच वेळ पाण्यात होतो. मग आईची बोटं चालत होती, माझी का नाही?’

मी तिला विचारलं, आज जेवायला वरण आहे का.