फॉर्मवरचा ‘पालक’: विद्यापीठ आणि घर यांच्या नात्याची पार्श्वभूमी

जून-जुलैत नाशिकच्या कॉलेज रोडवर कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात दहा मिनिटे उभे राहावे. सुरगाणा, पेठ, कळवणकडून आलेली मुले प्रवेशाचे फॉर्म भरत असतात आणि एका रकान्यापाशी पेन थांबतो: ‘पालकाची सही’. त्याखाली आणखी एक, ‘स्थानिक पालक’. वडील गावी, एसटीचा प्रवास लांबचा, त्यात भातलावणीचे दिवस. मग सही करतो सिडकोतला मामा, नाहीतर पंचवटीत खोली करून राहणारा गावातलाच एखादा थोरला मुलगा, जो स्वतःच एमएच्या दुसऱ्या वर्षाला असतो. विद्यापीठाच्या जगात घराला जागा किती, या प्रश्नाचा इतिहास बराचसा या एका शब्दाभोवती फिरतो.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. शहरात पहिले कला महाविद्यालय १९२४ साली सुरू झाले, तेव्हा ते मुंबई विद्यापीठाशी जोडलेले होते. १९४९ मध्ये पुण्याचे विद्यापीठ उभे राहिल्यावर नाशिकचा कारभार तिकडे गेला. खेड्यातली मुले बोर्डिंगात राहत. बोर्डिंगे बहुतेक समाजासमाजाची, त्यामुळे रेक्टर ओळखीतला, कधी नात्यातलाही. घर आणि बोर्डिंग यांच्यात कागद फारसा लागत नसे, बाजाराच्या दिवशी पाठवलेला निरोप पुरे.

कागद पुढे आला आणि त्याबरोबर ‘पालक’ या शब्दाचा गुंता. शाळेत हा शब्द सोपा आहे, पालक म्हणजे आई-वडील. कायद्यात मात्र तो वेगळा. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमात पालक असतो तो अज्ञानाचा, म्हणजे १८ वर्षे पूर्ण न झालेल्याचा. त्या कायद्याने आधी वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई, असा क्रम लावला होता. हे ‘नंतर’ म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतरच असे नव्हे, हे स्पष्ट व्हायला १९९९ साल उजाडले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. म्हणजे काटेकोर बोलायचे तर अठरा पूर्ण केलेल्या, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीला कायद्याने पालक उरलेलाच नसतो. मतदानाचे वय १९८९ मध्ये २१ वरून १८ वर आले, तेव्हापासून ती सरकार निवडते. वसतिगृहातून चार दिवस घरी जायचे तर मात्र पालकाचा फोन यावा लागतो.

गुंता इथे संपत नाही. शाळेत ‘पालक-शिक्षक संघ’ असतो, त्यात पालक एक आणि शिक्षक दुसरा. महाविद्यालयात असते ‘शिक्षक-पालक योजना’, आणि तिथे शिक्षक हाच पालक! वीस-पंचवीस मुले वाटून घ्यायची, हजेरी बघायची, घरी फोन करायचा. अभियांत्रिकीवाले त्याला जीएफएम म्हणतात, गार्डियन फॅकल्टी मेंबर. महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या (नॅक) फायलीत ही नोंद चोख असते. संयोगचिन्हाच्या दोन्ही बाजूंच्या शब्दांची अदलाबदल झाली आणि खरे आई-वडील योजनेच्या नावातूनच गळाले, याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

सर्वांत वादाचा निर्णय रॅगिंगबाबतचा, २००९ चा. त्याआधी दहा वर्षे, १९९९ मध्ये, महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा केला होता. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. त्यात संस्थाप्रमुखाकडे लेखी तक्रार कोण करू शकतो, तर विद्यार्थी, त्याचे आई-वडील किंवा पालक, नाहीतर शिक्षक. तक्रार आली की सात दिवसांत चौकशी. घराला इथे हक्क होता: माझ्या मुलाला त्रास होतोय, उत्तर द्या. २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाची देशपातळीवरची रॅगिंगविरोधी नियमावली आली आणि घराची बाजू बदलली. आता विद्यार्थ्याबरोबर पालकानेही प्रतिज्ञापत्र द्यायचे, दरवर्षी. नियम वाचले आहेत, शिक्षा ठाऊक आहेत, माझा पाल्य असे काही करणार नाही. तक्रारदाराचा जामीनदार झाला.

या नियमावलीची बाजू घेणारे म्हणतात की तिच्यामुळे विषय निदान घरापर्यंत पोहोचला, आणि २००९ च्या सुरुवातीला देश रॅगिंगच्या ज्या घटनांनी हादरला होता त्या पाहता कडक पाऊल हवेच होते. खरे आहे. पण ‘वाचले आहे’ यावर सही करणाऱ्या किती जणांना तो मजकूर वाचून दाखवला जातो? पुढे प्रतिज्ञापत्र ऑनलाइन झाले, त्यात पालकाचा मोबाइल आणि ईमेल आला. अनेक घरांत बापाचा पहिला ईमेल पत्ता सायबर कॅफेत, पोराच्याच हातून, या हमीपत्रासाठी तयार झाला. पासवर्डही पोरालाच माहीत.

सही हवी, पण बैठकीत खुर्ची? २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्येक महाविद्यालयात विकास समिती ठेवली. तीत व्यवस्थापन, प्राचार्य, शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, विद्यार्थी परिषदेचे पदाधिकारी असतात. शिवाय शिक्षण, उद्योग, संशोधन, समाजसेवा या क्षेत्रांतले चार स्थानिक सदस्य, त्यांत निदान एक माजी विद्यार्थी. पालक म्हणून कुणालाही जागा नाही. सज्ञान विद्यार्थी स्वतः बसतो, मग पालक कशाला, हे उत्तर तर्काला धरून आहे. मात्र तोच तर्क प्रतिज्ञापत्राच्या वेळी कुठे जातो, हे विचारायला हवे.

नाशिकजवळ म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा (१९९८) अनुभव निराळा. २०२२ पासून देशभरच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक कार्यक्रम आला. विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून खेड्यातली काही कुटुंबे धरायची, त्यांच्या आरोग्याची नोंद शेवटपर्यंत ठेवायची. अठरा वर्षांच्या मुलाने पन्नाशीच्या शेतकऱ्याचे घर ‘दत्तक’ घ्यायचे, हा शब्द जरा गमतीचाच. तरी घर इथे निदान अभ्यासाच्या केंद्रस्थानी आले.

२०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. त्याबरोबर तहसीलच्या खिडकीवर रांगा लागल्या आणि लग्न झालेल्या विद्यार्थिनीला पहिला प्रश्न पडला: दाखला माहेरच्या उत्पन्नाचा की सासरच्या?

गंगापूर धरणाजवळच्या मुक्त विद्यापीठात तर सगळेच उलटे आहे. १९८९ साली ते निघाले, ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. इथे विद्यार्थी घर सोडत नाही, पुस्तकेच घरी येतात. पोळ्या उरकून वाचणारी आई आणि परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर तान्ह्याला खांद्यावर घेऊन उभा असलेला नवरा, हे चित्र जिल्ह्याला नवे नाही. ‘पालकाची सही’ कुणाची, हा प्रश्न इथे पडत नाही. पण फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, तो भरतो मुलगा, आणि मोबाइल नंबरही स्वतःचाच टाकतो. त्यामुळे आईचे परीक्षा केंद्र बदलले की मेसेज पाल्याला येतो.