जन्मजात मिनामाता रोग

आईच्या आहारातून शरीरात गेलेल्या मिथिल पाऱ्यामुळे (पाऱ्याचे एक विषारी संयुग) गर्भाच्या मेंदूला होणारी कायमची इजा. जपानच्या क्युशू बेटावरील मिनामाता शहर आणि शिरानुई समुद्राकाठच्या मच्छीमार वस्त्यांत १९५० च्या दशकात जन्मलेल्या मुलांमध्ये हा रोग प्रथम ओळखला गेला.

चिस्सो कंपनीच्या कारखान्यात ॲसिटाल्डिहाइड हे रसायन तयार करताना उत्प्रेरक म्हणून पाऱ्याचे संयुग वापरत. त्यातून निर्माण होणारा मिथिल पारा सांडपाण्याबरोबर समुद्रात जाई आणि मासे व शिंपल्यांत साठत जाऊन कोळ्यांच्या रोजच्या जेवणात येई. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख होसोकावा हाजिमे यांनी मज्जासंस्थेच्या अनोळखी आजाराचे रुग्ण आरोग्य कार्यालयाला कळवले; हाच आजार पुढे मिनामाता रोग म्हणून ओळखला गेला. त्याच वस्त्यांतील काही तान्ह्या मुलांना मान धरता येत नव्हती, गिळता किंवा बोलता येत नव्हते. पण त्यांनी मासे खाल्लेलेच नसल्यामुळे त्यांच्या आजाराला मेंदूचा पक्षाघात म्हटले गेले. वार (गर्भाशयात गर्भाला पोषण पुरवणारा अवयव) विषाला गर्भापर्यंत पोहोचू देत नाही, असे तेव्हाचे वैद्यकशास्त्र मानत होते.

या समजुतीला पहिला धक्का आयांनी दिला. १९६१ च्या सुमारास तरुण डॉक्टर हारादा मासाझुमी वस्तीत गेले असता एका घरात त्यांना सारखीच लक्षणे असलेले दोन भाऊ दिसले. थोरल्याला मिनामाता रोग असल्याचे मान्य झाले होते, धाकट्याला मात्र नव्हते. गरोदरपणी आपण तेच मासे खाल्ले, तेव्हा दोघांचा आजार एकच, असे त्यांची आई ठामपणे सांगत होती. तिचे म्हणणे शास्त्राला पटायला मात्र एका मुलीचा मृत्यू आणि तिचे शवविच्छेदन व्हावे लागले, ही या इतिहासातली सर्वांत वेदनादायक बाब होय. नोव्हेंबर १९६२ मध्ये दोन मृत आणि सोळा हयात मुलांना रुग्ण म्हणून मान्यता मिळाली. मिथिल पारा वारेतून सहज पार होतो आणि गर्भाच्या रक्तातील त्याचे प्रमाण आईच्या रक्तातल्यापेक्षा अधिक असते, हे आता सिद्ध झाले आहे. मुले गंभीर आजारी असताना अनेक आयांची लक्षणे सौम्य का होती, हेही त्यावरून काही अंशी उलगडते.

पुढील पुरावा घराघरांतून आला. जपानी कुटुंबे बाळाची नाळ वाळवून लाकडी डबीत जपून ठेवतात. हारादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालकांकडून अशा नाळा मिळवून त्यांतील मिथिल पारा मोजला. ज्या वर्षांत कारखान्याचे उत्पादन वाढले होते, त्या वर्षांच्या नाळांत त्याचे प्रमाणही चढे आढळले. जन्मनोंदींच्या नंतरच्या अभ्यासात, प्रदूषण सर्वाधिक असताना (१९५५–५९) मिनामातात मुलग्यांचे जन्म नेहमीपेक्षा कमी आणि मृत जन्मलेल्या अर्भकांत मुलग्यांचे प्रमाण अधिक असल्याचे दिसले. रुग्ण म्हणून ज्यांची कधी गणना झाली नाही, अशा बालकांचा माग या नोंदींमुळे लागला.

ॲसिटाल्डिहाइडचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जपान सरकारने या रोगाचे कारण अधिकृतपणे मान्य केले. पाऱ्याच्या वापरावर व उत्सर्जनावर निर्बंध घालणारा, २०१३ मध्ये स्वीकारलेला आंतरराष्ट्रीय करार याच शहराच्या नावाने ओळखला जातो.